उभं राहण्याचं अक्षर

स्टेन्सिल हातावर नीट उमटली होती. मशीनला नवी सुई लावली, छोट्या टोपणात काळी शाई ओतली, ग्लोव्ह्ज चढवले. आणि ममता म्हणाली, "रुको दीदी. पहले इसका मतलब बताओ."

टॅटूच्या धंद्यात हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. लोक आधी आकार पसंत करतात, मग जागा, मग फोटोत कसं दिसेल ते. अर्थ सुई दिसल्यावर आठवतो.

"धीरज," मी म्हटलं. "सहनशक्ती."

"मतलब सहना?"

"हां. सहना."

तिने हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वो तो मैं कर चुकी," ती म्हणाली. "पोंछो इसे."

स्टेन्सिल म्हणजे कागदावरचं चित्र जांभळ्या रेघांनी कातडीवर उतरवणं. सुई त्या रेघांवरून चालते. स्पिरिटचा बोळा फिरवला की ते जातं. मी पुसलं. खालचं जुनं नाव पुन्हा उघडं पडलं. दीपक.

दीपक हा तिचा नवरा. म्हणजे होता. कोर्टाचं सगळं उरकलं होतं, सामान परत आलं होतं, ती ग्वाल्हेरातच, मुरारला माहेरी राहत होती. फक्त नाव हातावर राहिलं होतं. उजव्या हातावर, मनगट आणि कोपराच्या मधे, आतल्या बाजूला.

आता हे नाव तिथे आलं कसं? ग्वाल्हेरकडे नव्या सुनेला गोंदवून घ्यायची पद्धत आहे. पूर्वी ठिपके असत, वेल असे, विंचू असे. न गोंदलेल्या सुनेच्या हातचं पाणी पीत नाहीत असं म्हाताऱ्या बायका सांगत. आता मेळ्यात बॅटरीवरची मशीन घेऊन पोरं बसतात आणि ठिपक्यांच्या जागी नवऱ्याचं नाव टाकतात. लग्नानंतरच्या पहिल्याच मेळ्यात ममताच्या सासूने तिला स्टुलावर बसवलं होतं.

"और उसके हाथ पे तुम्हारा नाम?" मी विचारलं होतं.

"उसके हाथ पे बिच्छू है."

ममता कंपू भागातल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढते. रक्त देणारा माणूस सुईकडे बघायचं टाळतो. मग बघणार कुठे? सुई धरलेल्या हाताकडे. आणि वाचणार काय? "दीपक कौन है, सिस्टर?" रोज कुणीतरी विचारायचंच. कुणी कौतुकाने, कुणी वेळ घालवायला. तिला एवढंच हवं होतं, की हा प्रश्न बंद व्हावा.

या कामाला आम्ही कव्हर-अप म्हणतो. जुन्या टॅटूवर नवा काढायचा, असा की जुना दिसू नये. पांढरा रंग फासून भिंत झाकता येते, कातडी झाकता येत नाही. जुन्यापेक्षा जास्त काळं आणि जास्त मोठं काहीतरी लागतं. म्हणून मी भिंतीवरच्या चार्टवरची जपानी अक्षरं दाखवली होती. ब्रशने लिहिल्यासारख्या जाड रेघा, मधे दाट काळा. तिने त्यातलं 忍 निवडलं. अगदी चपखल बसत होतं. वरच्या भागात 'दीप' गडप, खालच्या भागात 'क' गडप. चार्टवर त्याच्याखाली 'पॉवर' असं छापलं होतं.

माझा एक नियम आहे. जी लिपी मला वाचता येत नाही, ती वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय मी काढत नाही. एक मुलगा दुसरीकडून जपानी अक्षर काढून घेऊन आला होता, ते चक्क उलटं होतं, डोकं खाली पाय वर. तेव्हापासून मी पुण्याच्या अंजलीताईंना फोटो पाठवते. त्या जपानी शिकवतात. त्यांची माझी भेट कधी झालेली नाही, सगळं व्हॉइस नोटवर. याही अक्षराचा निरोप त्यांनी पाठवला होता. 'नीन' असा उच्चार, किंवा 'शिनोबु'. अर्थ सहन करणं, लपून राहणं. निंजामधला 'निं' तो हाच. खाली हृदय, वर तलवारीचं पातं. "पातं खरं तर उच्चारासाठी बसवलंय असं जाणकार म्हणतात," त्यांनी पुढे म्हटलं होतं, "पण हृदयावर पातं ठेवलं तरी गप्प राहायचं, अशी गोष्ट लोकांना आवडते."

मला वाटलं होतं, सहनशक्ती म्हणजेही शक्तीच. ममताला तसं वाटलं नाही.

मी ती व्हॉइस नोट तिला हिंदीत समजावून सांगितली. ती म्हणाली, "दिल पे चाकू रख के चुप. वाह. सासूमाँ को भेज दो, फ्रेम करवा लेंगी."

इथे संजयदादा आत आले. स्टुडिओ त्यांचा. सिटी सेंटरला पहिल्या मजल्यावर, खाली मोबाइलचं दुकान. दादांचं घराणं कित्येक पिढ्यांमागे दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आलेलं. "आपण पण तिकडचेच, कोल्हापूरकडचे," असं ते मला नेहमी सांगतात. कोल्हापूर त्यांनी अजून बघितलेलं नाही.

"काय झालं? पुसलं का?" दादा म्हणाले. "अगं, इतकं छान बसत होतं! तू हे काय करून राहिली आहेस?"

"त्यांना अर्थ नको आहे, दादा."

"अर्थ कोण वाचतो इथे? ग्वालियरमध्ये जापानी कोण येऊन राहिलाय?"

"मैं पढूँगी ना," ममता म्हणाली. तिला मराठी येत नाही, पण एवढं कळलं होतं.

दादांनी खांदे उडवले. पण कामाचा माणूस. मोबाइल काढून तिच्या हाताचा फोटो घेतला. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. कव्हर-अपचा 'आधी'चा फोटो स्टुडिओच्या पेजवर टाकायचा, म्हणजे लोक 'नंतर'चा बघायला थांबतात. तोंड दिसत नव्हतं. फक्त हात आणि नाव. खाली लिहिलं, जल्द ही कव्हर-अप. माझ्या लक्षातही आलं नाही त्यात काही वावगं आहे म्हणून. आम्ही सगळ्यांचेच फोटो टाकायचो.

त्या संध्याकाळी मी अंजलीताईंना लिहिलं. क्लायंटला सहन करायचं नाही. दुसरं काही आहे का?

त्यांचं उत्तर आलं, तेव्हा त्या हसत होत्या. "असं कुणी सांगितलं नव्हतं अजून," त्या म्हणाल्या. मग त्यांनी 立 पाठवलं.

हे अक्षर मी नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वर एक छोटी उभी रेघ, खाली आडवी. त्याखाली दोन तिरक्या रेघा, पायांसारख्या. सगळ्यात खाली एक लांब आडवी रेघ. अर्थ, उभं राहणं. फार फार पूर्वी चीनमध्ये हाडांवर अक्षरं कोरत. तिथे याचं सरळसरळ चित्र होतं. हात पसरून, पाय फाकून उभा राहिलेला माणूस, समोरून दिसतो तसा. खालची रेघ म्हणजे जमीन.

उच्चार दोन. जपान्यांनी अक्षरं चीनकडून घेतली, तेव्हा तिकडचा उच्चारही घेतला आणि आपला घरचा शब्दही त्यालाच लावला. म्हणून एकटं असलं की 'तात्सु', उभं राहणं. दुसऱ्या अक्षराला जोडून आलं की बहुतेक 'रित्सु'. शाळेत गुरुजी वर्गात आले की मॉनिटर ओरडतो 'किरित्सु', म्हणजे उभे राहा. आणि 'एकटा' या अक्षरापुढे हे लावलं की होतं 'दोकुरित्सु'. एकट्याने उभं राहणं. त्यांच्या भाषेत स्वातंत्र्याला हाच शब्द आहे.

शाळा माझी नववीतच सुटली. वर्गात मला उभं राहायला सांगायचे ते बहुतेक फीसाठी. त्यामुळे ती व्हॉइस नोट मी परत परत ऐकली. कामाचा भाग म्हणून नाही. ऐकावीशी वाटली म्हणून.

दुसऱ्या दिवशी ममता ड्यूटी संपवून आली. मी सांगितलं. तिने विचारलं, "अकेला वाला भी साथ में डालें?"

"नहीं," मी म्हटलं. "अकेला लिखने की क्या ज़रूरत. खड़ा रहना काफ़ी है."

"हां. मम्मी भी तो है घर में," ती म्हणाली.

आता अडचण. पहिलं अक्षर दाट होतं. हे मोकळं. रेघांच्या मधून कातडी दिसते, आणि जिथे कातडी दिसते तिथे दीपक दिसणार. कागदावर ठेवून बघितलं. डाव्या पायाखालून 'दी' डोकावत होता, उजवीकडून 'क'. फिरवून बघितलं, लहान मोठं करून बघितलं. नाहीच.

मग मी कागद वर सरकवला. नाव हाताच्या लांबीने लिहिलेलं होतं, कोपराकडून मनगटाकडे. हात आडवा धरला की अक्षराची शेवटची लांब रेघही त्याच दिशेने जात होती. नाव त्या रेघेत येत होतं. फक्त रेघ जाड करायला हवी होती. चांगली अंगठ्याएवढी.

मी अंजलीताईंना चित्र पाठवलं. त्या म्हणाल्या, "खालची एवढी जाड आणि वरचं एवढं बारीक, तर माणूस बुडाल्यासारखा दिसेल. जाड चालेल, पण बाकीचं त्या मापाने वाढव." वाढवलं. लहानसं हवं होतं तिला, ते अर्ध्या हातभर झालं.

ममताने कागद हातावर धरला. "मतलब ये ज़मीन है?"

"हां."

"और वो ज़मीन के नीचे?"

"नीचे नहीं. अंदर."

ती इतकी हसली की खालच्या मोबाइलवाल्याने जिन्यातून वर बघितलं. मग तिने बोट नावावरून फिरवलं. मेळ्यातल्या पोराने सुई खोल घातली होती, कातडी उचललेली होती. हे मला सांगणं भाग होतं. रंग झाकता येतो, उंचवटा झाकता येत नाही. हात फिरवला तर नाव लागणार.

"लगने दो," ती म्हणाली. "ज़मीन ऊबड़-खाबड़ ही होती है."

शनिवार ठरला.

शुक्रवारी दादांना फोन आला. ममताचा जेठ. नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, आणि आमच्या बिल्डिंगच्या मालकाशी त्याचं उठणंबसणं. त्याने पेजवरचा फोटो बघितला होता. हात ओळखला नसता, मेळ्यात गोंदलेलं ते नाव ओळखलं. भावाचं नाव असं जाहीर खोडायला टाकलंय, घराण्याची इज्जत वगैरे. काम कधी आहे तेही त्याने विचारून घेतलं होतं.

दादा माझ्या टेबलाशी आले. आवाज खाली होता. "वैशाली, त्या बाईला ना बोलून दे. लेझरवाल्याकडे भेज. हे घरगुती मॅटर आहे, अपन को नहीं पड़ना."

मी शाईची टोपणं ओळीत लावत बसले. दादांना नाही म्हणायची मला सवय नाही. दादांनी मला कामावर घेतलं तेव्हा माझ्याकडे फक्त मेंदीचे फोटो होते. मामेबहिणीच्या बाळंतपणाला म्हणून बार्शीहून आलेली, परत जायचं नव्हतं. त्यांनी सर्टिफिकेट विचारलं नाही, शाळा विचारली नाही. डुकराच्या कातडीच्या तुकड्यावर सरळ रेघ मारून घेतली आणि म्हणाले, उद्यापासून ये. राहायला घराची मागची खोली दिली. त्यांची आई मला गरम पोळी वाढते. त्यामुळे दादा काही बोलले की माझ्या पोटात आधी पोळी आणि खोली येते, मग बाकीचं.

तरी तोंडातून निघालं, "फोटो तुम्ही टाकला होता, दादा."

"म्हणजे?"

"त्या कुणाला सांगायला गेल्या नव्हत्या. आपल्यामुळे कळलं."

"अगं पण मला काय माहीत होतं!"

"मलाही नव्हतं. पण आता नाही म्हणायचं असेल तर तुम्ही फोन करा. मी नाही म्हणणार. मी त्यांना शनिवार दिलाय."

"आणि मी म्हटलं की माझ्या दुकानात नाही करायचं, तर?"

माझा आवाज कापत होता, ते मलाच ऐकू येत होतं. "तर दुकान तुमचं आहे. खोली पण तुमची आहे. मी विसरलेली नाही. पण मग सोमवारी माझ्या जागी दुसरं कुणी बघा."

दादांनी मोबाइल हातात घेतला. मग फोटो पेजवरून काढला. "काढलाय," म्हणाले, आणि घरी गेले. त्या दिवशी आईंनी पोळी वाढली, नेहमीसारखीच. दादा जेवायला बसले नाहीत.

शनिवारी ममता आली. दादांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, स्कूटरची किल्ली उचलली. "मी चहा घेऊन येतो," म्हणाले. "इथे काय चाललंय मला काही माहीत नाही." चहाचा ठेला आमच्या जिन्याच्या तोंडाशीच आहे. किल्ली कशाला लागते, मी विचारलं नाही.

मी काम सुरू केलं. आधी बाहेरच्या कडा, मग भराव. काठ ओढताना श्वास धरायचा असतो. वरची आडवी रेघ झाली. दोन पाय झाले. जमीन सगळ्यात शेवटी ठेवली होती. उंचवट्यावर सुई उड्या मारते, तिथे हळू जावं लागतं. 'दी'ची वेलांटी शाईत गेली. मग 'प'चा अर्धा भाग.

तेवढ्यात दार उघडलं आणि माणूस आत ओरडला, "किससे पूछ के मिटा रही हो ये नाम?"

मी सुई वर घेतली. मग मान वर केली. जेठ. कपाळावर टिळा, पायात चकचकीत बूट.

"मिटा नहीं रही भैया," ममता जागेवरून म्हणाली. हात तसाच टेकवलेला. "दबा रही हूँ."

"हमारे घर का नाम है वो!"

"नाम आपके घर का, हाथ मेरे घर का. आप नाम ले जाओ."

तो माझ्याकडे वळला. "और तू? कहाँ की है तू?"

"बार्शी."

"ये कहाँ है?"

"सोलापुर के पास. भैया, जूते बाहर."

"क्या?"

"जूते बाहर उतारिए. यहाँ सुई चल रही है, घाव खुला है." मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. हे वाक्य मी रोज दहा लोकांना म्हणते, तेवढंच तोंडात तयार होतं. आवाज मात्र कापला नाही. कामाचं वाक्य होतं म्हणून असेल.

तो एक पाऊल पुढे आला. मी उठले आणि त्याच्या आणि खुर्चीच्या मधे उभी राहिले. हातात ग्लोव्ह्ज, ग्लोव्ह्जवर शाई. ती शर्टाला लागली तर निघत नाही, हे त्यालाही दिसलं असावं. पांढरा शर्ट होता.

"तू जानती नहीं मैं कौन हूँ."

"बिना अपॉइंटमेंट वाले हैं," मी म्हटलं.

मागून दादांचा आवाज आला. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत चहा होता, गाठही न सोडलेला. धापा टाकत होते. "भाईसाहब, लड़की ठीक कह रही है. या तो जूते उतार के बैठिए और आप भी कुछ बनवा लीजिए, या नीचे चलिए, चाय पिलाता हूँ."

"संजय, तुम समझ नहीं रहे."

"समझ रहा हूँ. शुक्रवार से वही कर रहा हूँ. चलिए."

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. मित्रासारखा, पण जरा दाबून. जेठ "देख लेंगे" म्हणाला आणि खाली गेला. जिन्यावर बुटांचा आवाज बराच वेळ येत होता.

मी ग्लोव्ह्ज बदलले. हात आता थरथरायला लागले होते. ममताने बघितलं. "दीदी, पाँच मिनट रुक जाओ," ती म्हणाली. "मैं तो रोज़ काँपते हुए लोगों की नस पकड़ती हूँ." आम्ही दोघी थांबलो. मग 'प'चा उरलेला अर्धा भाग आणि 'क' भरला.

पुसून हात समोर आडवा धरला. जाड काळी जमीन आणि तिच्यावर पाय रोवून उभा माणूस. नाव कुठेच नव्हतं.

दादा वर आले ते चहा थंड झाल्यावर. त्यांनी वाकून हात बघितला. "जमीन जरा जास्तच जाड झालीय," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "तेवढी लागत होती."

बिल्डिंगच्या मालकाने काही केलं नाही. त्याला भाडं वेळेवर मिळतं. जेठाने मात्र आमच्या स्टुडिओला इंटरनेटवर एक तारा दिला. लिहिलं, 'स्टाफ बदतमीज़ है. जूते उतरवाते हैं.' दादांनी खाली उत्तर टाकलं, 'धन्यवाद. हाइजीन हमारी प्राथमिकता है.' ते वाचून दोन नवे क्लायंट आले. माझी खोली आहे तिथेच आहे.

ममता टच-अपला आली होती. आता पेशंट विचारतात, "सिस्टर, ये क्या लिखा है?" ती म्हणते, "मुट्ठी बंद करो, बताती हूँ," आणि सांगेपर्यंत रक्त काढून होतं.

नव्याने शिकणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते. काम चालू असताना कुणी ओरडलं, तर आधी सुई वर घ्यायची, मग कोण आहे ते बघायचं. ओरडणारा थोड्या वेळाने जातो. हललेली रेघ जात नाही.